मागण्यांचा माग

माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. हत्ती सुटतात, पण ते कुणालाही दिसतात, त्यांच्यासाठी गुप्तहेर कशाला? पोटासाठी मी सरकारी शाळेत भूगोल शिकवतो, पण पिंड गुप्तहेराचा. माझा सहायक म्हणजे आमच्याच शाळेतला पीटीचा मास्तर, नात्याने मेहुणा. बुद्धी बेताची, शिट्टी मात्र खणखणीत.

त्या दिवशी आमदारांची शिक्षण समिती शाळेत आली होती. सरकारी शाळांसाठी नवा कायदा होणार होता आणि त्यात काय हवं, ते शिक्षक संघटनेच्या अध्यक्षबाई सांगणार होत्या: वर्गात मुलं कमी, रिकाम्या जागी शिक्षक, गळक्या छपरांची दुरुस्ती. बाई आमच्याच शाळेतल्या. सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणत. समितीचा चहा पिऊन झाला आणि तोफ गायब!

"भाऊजी, समिती उठून गेली तर कायद्यात आपलं एक अक्षर यायचं नाही!" मेहुणा रडकुंडीला आला.

"भिऊ नकोस. मागण्या बाईंच्या, माग माझा!"

शिक्षकांच्या खोलीत बाईंची छत्री होती. "छत्री इथे, म्हणजे बाई छपराखाली आहेत," मी ताडलं.

"शाळेत सगळेच छपराखाली आहेत, भाऊजी."

"सातवी सोडून," मी दुरुस्ती केली.

मग खाजगी शाळावाल्यांनी बाईंना पळवल्याचं मला स्वच्छ दिसलं. फाटकाशी काळ्या चष्म्याचा एक धिप्पाड इसम उभा होता. मेहुण्याने शिट्टी फुंकून त्याच्यावर झडप घातली. तो समितीच्या अध्यक्षांचा ड्रायव्हर निघाला. मग वाटलं, बाईंना ग्रंथालयात कोंडलं असणार. पण ग्रंथपालाची जागाच कधी भरलेली नाही, त्यामुळे कुलपावर जाळं होतं. कोळ्याने जबाब द्यायला नकार दिला.

शेवटी, बाई सरकारला फितूर झाल्या, असं मी जड अंतःकरणाने जाहीर करत होतो, तेवढ्यात बायको वर्गातून बाहेर आली. ती इथेच गणित शिकवते.

"काय शोधताय?"

"अध्यक्षबाई!"

"आठवीत असतील."

"कशावरून?"

"शिक्षक नाहीत म्हणून आज आठवीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्यात. नव्वद मुलं, आणि चिडीचूप! अशी जरब दुसऱ्या कुणाची आहे?"

शिक्षकांची पुढारी वर्गात सापडेल, हे कुठल्या गुप्तहेराला सुचेल?

बाई खरंच फळ्याशी होत्या. "अहो, ही मुलं वाऱ्यावर सोडून कशी येऊ? मॉनिटरला निरोप देऊन पाठवलं, तीही परतली नाही!"

मेहुण्याने मान खाली घातली. तासाला बाहेर भटकते म्हणून त्याने तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावलं होतं.

एवढ्यात समितीचे अध्यक्ष तणतणत आले. ड्रायव्हरने तक्रार केली होती.

"बाई, मागण्या सांगायला येताय, की आम्ही निघू?"

"आणि वर्ग कोण सांभाळणार?"

"एवढंच ना? मी बसतो. आख्खी विधानसभा सांभाळलीय मी!"

बाई हॉलकडे निघाल्या. त्या जिना उतरेपर्यंत आठवीतून समुद्र फुटल्यासारखा आवाज आला. दार उघडलं आणि अध्यक्ष धावत बाहेर आले. केसांत खडूची भुकटी, जाकिटाची दोन बटणं बेपत्ता, पाठीवर एक कागदी विमान.

"बाई, थांबा! वर्गात किती मुलं हवीत म्हणता?"

"जास्तीत जास्त तीस."

अध्यक्षांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"पंचवीस लिहा," ते म्हणाले, "आणि आधी ते दार लावा!"