किटमधले तासकर

हेरंब मुतालिकने मागवलेल्या ग्लायडरच्या किटमध्ये पायलट सोबत दिलेला होता, आणि तो जिवंत होता.

यात हेरंबला काही नवल वाटलं नाही. खोक्यावर स्वच्छ छापलेलं होतं: 'एक तृतीयांश आकार. पायलटसह.' ग्लायडर खऱ्याच्या एक तृतीयांश, मग पायलटही तेवढाच. शेपूट आणि पंख यांच्या मधे थर्माकोलमध्ये माणसाच्या आकाराचा खड्डा होता, आणि त्यात निळा स्वेटर आणि पांढरी टोपी घातलेले, बारीक मिशीचे तासकर हाताची घडी घालून पडले होते. उठून उभे राहिले तेव्हा ते हेरंबच्या गुडघ्याच्या जरा वर आले.

"प्रवास लांबचा झाला असेल," हेरंबची बायको अनघा म्हणाली. "पाणी देऊ भाऊजी?"

"पाणी नंतर," तासकर म्हणाले. "आधी गोंद दाखवा."

गोंद त्यांनी बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाजवळ नेला. मग हेरंबकडे वरून खालपर्यंत बघितलं. त्यांची उंची बघता हे काम सोपं नव्हतं, पण त्यांनी ते केलं.

"तुम्ही याआधी काय काय बांधलंय?"

"दोन छोटी विमानं. आणि दरवर्षी गणपतीची आरास."

"विमानं कुठायत?"

"एक पठारावरच्या जांभळीच्या झाडावर आहे."

"आणि दुसरं?"

"ते पहिल्याला काढायला पाठवलं होतं. तेही तिथेच आहे."

"आरास तरी टिकली?"

"शेवटपर्यंत."

"किती दिवस?"

"आमच्याकडे गणपती दीड दिवसाचाच असतो," हेरंब म्हणाला.

तासकरांनी थर्माकोलच्या खड्ड्याकडे एकदा वळून बघितलं.

हेरंबचं दुःख हे होतं की त्याच्या हातचं एकही विमान त्याच्या हातात परत आलं नव्हतं. सगळी गेली ती गेलीच. या खेपेला त्याला एवढंच हवं होतं: उडावं, फिरावं आणि माघारी यावं. तासकरांना तेच हवं होतं, फक्त जास्त तातडीने. कारण ग्लायडर चालवणार होता हेरंब, खाली उभा राहून, रिमोटने. तासकर नुसते बसणार होते. त्यांच्यासमोरचं पॅनेल म्हणजे एक स्टिकर होता, कात्रीने कापून चिकटवायचा. त्यातल्या उंचीच्या काट्यावर कायमचे आठशे मीटर दाखवलेले होते, ग्लायडर दिवाणावर असतानासुद्धा. हातातली दांडी प्लॅस्टिकची होती आणि कशालाच जोडलेली नव्हती.

"म्हणजे तुम्ही उडवत नाही?" हेरंबने विचारलं.

"मी बसतो," तासकर म्हणाले. "म्हणून तर विचारतोय."

हेरंबच्या साताऱ्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ग्लायडर बांधायला सुरुवात झाली. धड टीव्हीपासून देवघरापर्यंत आलं. एकेक पंख जेवायच्या टेबलावर मावला, म्हणून जेवण जमिनीवर आलं. तासकर चहाचा चमचा खांद्यावर टाकून सगळीकडे फिरायचे. पंखातली प्रत्येक पट्टी चमच्याने ठोकायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "हं."

हे 'हं' हेरंबच्या डोक्यात जायचं. त्याचा अर्थ लागायचा नाही. तो ऑफिसातही अस्वस्थ असायचा. आपण नसताना हा माणूस काय काय ठोकत असेल?

सगळ्यात जास्त संशय तासकरांना शेपटीच्या सांध्याचा होता.

"बारीक वाटतो."

"पुस्तिकेत असाच आहे."

"पुस्तिका लिहिणारा त्यात बसणार आहे का?"

हेरंबने सांध्यावर काचकापडाचा, म्हणजे फायबरग्लासचा, एक थर दिला. तासकरांनी ठोकून बघितलं. "हं." हेरंबने दुसरा थर दिला. तिसरा थर त्याने रागाने दिला, आणि चौथा तासकरांना न विचारताच. त्यानंतर पंखांखाली दोन बोटं धरून त्याने ग्लायडर तोलून बघितला, तर शेपूट धपकन खाली गेली आणि नाक छताच्या पंख्याकडे बघायला लागलं.

ग्लायडरचं असं असतं की नाकाचं आणि शेपटीचं वजन तराजूसारखं जुळावं लागतं. शेपूट जड झाली तर तो हवेत भेलकांडतो आणि थेट जांभळीवर जातो. अशा वेळी नाकात शिसं भरतात. पण या किटचं नाक बंद होतं. नाकात जे काही वजन होतं ते म्हणजे तासकर. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं होतं: 'नाक हलकं वाटल्यास पायलटमध्ये वाढ करावी. पायलट बदलून मिळणार नाही.'

हेरंबने अनघाला स्वयंपाकघरात गाठलं. "तासकरांना जरा नीट वाढत जा."

"म्हणजे काय? मी उपाशी ठेवते त्यांना?"

"तसं नाही. अर्धा किलो हवंय."

"कशाचं?"

"तासकरांचं."

अनघाने क्षणभर विचार केला. पाहुण्याला जास्त वाढायला तिला कधी कारण लागलं नव्हतं. आता तर कारणही होतं.

या योजनेची खुबी अशी की ती कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. आपल्याकडे माणसाला फुगवायचं ठरवलं काय आणि नुसतं जेवायला बोलावलं काय, दिसायला दोन्ही सारखंच. अनघा तुपाची वाटी घेऊन बसायची. "घ्या हो भाऊजी, अर्धीच पोळी. अर्धीला काय होतंय?" तासकर पानावर हात आडवा धरायचे, पण त्यांचा हात तो केवढा! त्याच्या दोन्ही बाजूंनी वरण वाढता यायचं.

पाचव्या-सहाव्या जेवणाला तासकरांनी चमचा खाली ठेवला.

"मुतालिक, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुमच्या घरात पोळी वाढायच्या आधी माझ्याकडे बघतात, हे ठीक आहे. वाढून झाल्यावर ग्लायडरच्या शेपटीकडे का बघतात?"

"कोण बघतं?"

"तुम्ही. वहिनीही. आणि काल ओट्यावरचा वजनकाटा माझ्या आंघोळीच्या टबाखाली होता."

"ओटा पुसायचा होता," अनघा म्हणाली.

"टबात मी असताना?"

तासकर पानावरून उठले. हात धुतले, म्हणजे हेरंबने त्यांना बेसिनपाशी उचलून धरलं आणि त्यांनी धुतले, आणि तिथूनच त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून मला उपास आहे."

"कशाचा?" हेरंबने विचारलं.

"ते माझं मी बघीन. ग्लायडर उडेपर्यंत."

उपासाला अडवणार कसं? हेरंबने त्या दिवशी शेपटीचा चौथा थर पॉलिश पेपरने घासून बघितला. निघाला नाही. त्याने काम चांगलं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनघाने उपासाचं केलं. साबुदाण्याची खिचडी केली, तिच्यात दाण्याचं कूट, वर ओलं खोबरं. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस, तुपावर परतलेला. संध्याकाळी बटाट्याचे पापड, साबुदाण्याचे वडे आणि राजगिऱ्याचे लाडू. उपास करणाऱ्याला अशक्तपणा येऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. तासकरांनीही निर्धाराने उपास केला. दोनदा खिचडी मागून घेतली. उपासाच्या पदार्थांवर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते त्या संस्कारातले नव्हते.

आठवडाभराने स्वेटरची शिवण उसवली.

"उपासाने अंग सुटतं कधी कधी," तासकर म्हणाले. "पाणी साठतं."

हेरंबने त्यांना ग्लायडरमध्ये बसवून तोल बघितला. या वेळी नाक धपकन खाली गेलं. अर्धा किलो हवं होतं, ते होऊन वर बरंच झालं होतं.

"आता त्यांना कमी वाढ," तो स्वयंपाकघरात कुजबुजला.

"हे बघ हेरंब," अनघा म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून मी त्यांना खायला घातलं. पण घरातल्या माणसाला, तेही उपास असताना, खाऊ नका म्हणून मी सांगणार नाही. तुझा ग्लायडर गेला उडत."

"तोच तर जात नाहीये."

शेवटी उत्तर अनघाकडूनच आलं, तेही तिला ते उत्तर आहे हे माहीत नसताना. रविवारी पठारावर जायचं ठरलं, तेव्हा तिने तासकरांसाठी डबा भरला. माणूस बाहेर निघाला की डबा द्यायचा. स्टीलचा छोटा डबा, आत राजगिऱ्याचे लाडू, गच्च. हेरंबने तासकरांना ग्लायडरमध्ये बसवलं, डबा हातात तोलला, मग धडातल्या पोकळीत, तासकरांच्या सीटमागे शेपटीपर्यंत सरकवला आणि ग्लायडर दोन बोटांवर धरला. ग्लायडर आडवा राहिला. जराही हलला नाही.

"डबा मागे का?" तासकरांनी विचारलं.

"पुढे जागा नाही."

"माझा डबा, माझ्या पाठीमागे, माझा हात पोचणार नाही इतक्या लांब. मुतालिक, मी इतके दिवस तुमच्याकडे राहतोय."

"तोल त्याने जुळतोय, तासकर. हवेत काही खायचं नाही, एवढंच."

"मग डब्याला सुतळी बांधा. टोक माझ्या हातात. नाहीतर मी उतरतो."

"उतरून जाल कुठे?"

"जिन्याने खाली," तासकर म्हणाले. त्यांना जिन्याने खाली जायला दुपार झाली असती, पण ते गेले असते. हेरंबने सुतळी बांधली.

पठाराच्या कड्यावर खालून भरभर वारा चढत होता. दोन्ही पंख जोडल्यावर ग्लायडर पहिल्यांदाच पुरा दिसला. हेरंबने रिमोट चालू करून सगळं हलवून बघितलं. शेपूट डावी-उजवी झाली, पंखांच्या कडा वरखाली झाल्या. आत बसलेले तासकर मागे वळून एकेक हालचाल बघत होते, घरी टीव्हीवरच्या बातम्या बघायचे तशी.

"सगळं माझ्या हातात आहे," हेरंब म्हणाला.

"तीच काळजी आहे," तासकर म्हणाले आणि त्यांनी काचेचं झाकण आतून ओढून घेतलं.

अनघा कॉलेजात थ्रोबॉल खेळायची. तिने ग्लायडर डोक्यावर उचलला, चार पावलं पळाली आणि दरीत फेकला.

तो बुडाला. मग सावरला. मग वाऱ्यावर असा चढला, जणू कुणी वरून दोरी ओढतंय. हेरंबने डावा अंगठा दाबला. ग्लायडर डावीकडे वळला. उजवा दाबला, उजवीकडे वळला. जांभळीचं झाड आलं, त्याच्यावर दोन जुनी विमानं अजून होती. हेरंबने रिमोटची दांडी मागे ओढली आणि ग्लायडर तिघांच्याही वरून निघून गेला. एक घार जवळ आली, तिने आत डोकावून बघितलं आणि ती लांब गेली.

"किती छान चालवतोयस रे," अनघा म्हणाली. लग्नाच्या आठ वर्षांत ती हे पहिल्यांदाच म्हणत होती.

बऱ्याच वेळाने नाक खाली झालं. हेरंबने उतरायचं अजून ठरवलं नव्हतं, पण ग्लायडरने ठरवलेलं दिसलं. तो वळून पठारावर आला, गवतावरून सरसरत पुढे आला आणि हेरंबच्या बुटापाशी थांबला. हेरंबने वाकून नाकाला हात लावला. हात काढावासा वाटेना.

झाकण उघडलं. तासकरांच्या मिशीला राजगिरा लागला होता. मांडीवर रिकामा डबा होता, आणि डब्यात एक वायर, प्लगसकट उपटलेली. रिमोटचं म्हणणं ग्लायडरपर्यंत पोचवणारी ती वायर होती.

"ही तुमची," तासकरांनी ती हेरंबला दिली. "वहिनींनी फेकला तेव्हाच काढली."

हेरंबने रिमोटकडे बघितलं. मग वायरकडे. "मग वरखाली कोण करत होतं?"

"सुतळीने डबा पुढे ओढला की खाली, सोडला की वर. शेवटी लाडू संपले, सगळं वजन पुढे आलं. म्हणून उतरलो."

"आणि वळवत कोण होतं? मी डावीकडे दाबलं की डावीकडे जात होता. मी बघितलंय!"

"तुम्ही अंगठा दाबता तेव्हा अख्खे त्या बाजूला कलता, मुतालिक. खांदा, कंबर, सगळं. वरून स्वच्छ दिसतं. तुम्ही कललात की मी पण कलायचो." तासकरांनी मिशी पुसली. "वायरवर माझा विश्वास नाही. पण माणूस खोटं कलत नाही."

हेरंबने वायर खिशात घातली. "लाडू अजून असते तर?"

"तर त्या जांभळीपर्यंत जाऊन तुमची दोन्ही बघून आलो असतो. त्यांतही माणसं असतील."

"त्यांत पायलट नव्हते," हेरंब म्हणाला.

"तुम्ही बघितलं होतं?"

हेरंबला आठवेना.

अनघाने रिकामा डबा उचलला, सुतळी सोडून त्यावर गुंडाळली आणि गाडीकडे चालायला लागली. "पुढच्या रविवारी मोठा डबा देते," ती म्हणाली. "तिघांना पुरेल एवढा."