गॅलरीतली मंजुरी

आमच्या घोलपबाई सरकारी धोरण गॅलरीतून ओरडून सांगतात. तेही सकाळी साडेनऊला, नारायण पेठेतल्या भर रस्त्यावर. समोरच्या फुटपाथवर शेवंताबाई भाजी घेऊन बसतात. त्यांना कळलं, तरच आमचा व्हिडिओ पुढे सरकतो.

आम्ही दोघं योजना आणि नियम सोपे करून सांगणारे व्हिडिओ बनवतो. कॅमेरा, एडिटिंग माझं. लिहिणं आणि आवाज बाईंचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई एकट्याच राहतात, म्हणून ऑफिसही त्यांच्याच हॉलमध्ये. व्हिडिओखाली मी टाकलेल्या ओळींत 'सदर' दिसला की त्या चष्म्यावरून बघतात. "घरी 'सदर भाजी वाढा' म्हणता का आपण?"

आणि स्वतःच्या पहिल्या खर्ड्यात मात्र हमखास एखादा 'उपरोक्त' ठेवतात. मला वाटायचं, वय झालं.

"शेवंताबाई, उपरोक्त शिधापत्रिकेत नाव समाविष्ट करणेकामी..."

"नाय कळलं!"

बाई सोपं करून सांगतात. मेथी निवडता निवडता शेवंताबाई म्हणतात, "परत सांगा." तिसऱ्यांदा कुठे मान डोलते. मधे नातवाचा दात, सुनेचं माहेर, सगळं त्या धोरणात येऊन जातं. एखाद्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, तर बाई वरूनच विचारतात, "आपल्याला कळलं का?"

मागच्या महिन्यात शेवंताबाई चार दिवस आल्याच नाहीत. रेशन कार्डाचा व्हिडिओ अडला. ज्या संस्थेसाठी करत होतो, तिचे फोन सुरू झाले. बाईंचं एकच, "मंजुरी नाही." चौथ्या दिवशी त्या रिकाम्या फुटपाथकडे बघत उभ्या होत्या, हातातला चहा गार झालेला. मला ते बघवेना. शेजारच्या फुलवाल्याकडून पत्ता घेतला आणि कात्रज गाठलं.

शेवंताबाई पाय मुरगळून घरी बसल्या होत्या. मी तो पहिला खर्डा, 'उपरोक्त'सकट, वाचून दाखवला.

"कळलं की," म्हणाल्या, आणि कुठला कागद कुठे द्यायचा ते घडाघडा सांगितलं.

मी उडालोच. "मग रोज नाही कळलं का म्हणता?"

"कळलं म्हनलं की बाई आत जात्यात. आत हाय कोन बोलाया? तुमी तर कानाला डबडी लावून बसता."

परतताना मला माझीच लाज वाटत होती. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"अहो, चार वर्षं ऐकताहेत त्या. 'उपरोक्त' कळत नसेल होय त्यांना? तरी मुद्दाम घालते. दिवसभर लोक त्यांना फक्त भाव विचारतात. तेवढ्याच गप्पा होतात बिचाऱ्यांना."

सोमवारी शेवंताबाई पायाला पट्टी बांधून हजर. बाई गॅलरीत गेल्या आणि एका दमात 'उपरोक्त', 'सदर', 'करणेकामी' तिन्ही ओरडल्या.

"कायच नाय कळलं!" खालून खणखणीत उत्तर आलं.

बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा उजळला होता. "आज फारच अवघड दिसतंय. चहा इकडेच आणा."

मी हेडफोन काढून ठेवला आणि दोन कप घेऊन गॅलरीत गेलो.