नमुन्याबरहुकूम

परदेशाशी व्यापार करणं ही काही अवघड गोष्ट नाही, हे मी सासऱ्यांना एकदा जेवताना समजावून सांगितलं. जग आता लहान झालंय, घरबसल्या तिकडच्या माणसाला माल विकता येतो, फक्त ईमेल लिहिणारा एक हुशार माणूस पाहिजे. तो माणूस कोण, हे मी सांगितलं नाही. नुसता ताठ बसलो.

सासऱ्यांचा लाकडी स्टुलांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, मोजके सुतार, ढीगभर भुसा आणि कोपऱ्यात काचेची केबिन. लग्नाआधी मी थोरल्या भावाच्या दुकानात नळाच्या तोट्या विकायचो. त्यामुळे त्या केबिनवर माझा पहिल्या दिवसापासून डोळा होता.

"ठीक आहे, जावईबापू," सासरे म्हणाले. "परदेशची एक ऑर्डर आणा आणि माल त्यांच्या पसंतीला उतरवून दाखवा. कारभार तुमचा, केबिन तुमची. नाही जमलं तर तोट्या आहेतच."

ऑर्डर देऊ शकेल अशी एक कंपनी मी महिन्याभरात शोधून काढली. त्यांनी नमुना मागवला. सासऱ्यांनी स्वतः एक स्टूल केलं. त्यांची एक परीक्षा असते: स्टूल फरशीवर ठेवायचं, त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, आणि एका बोटाने ढकलून बघायचं. थेंब सांडला तर स्टूल सरपणात. हे स्टूल पास झालं आणि ते पाठवायचं महत्त्वाचं काम माझ्याकडे आलं.

आता झालं असं, की स्टूल खोक्यात तिरकं घातलं तरी एक पाय अर्धं बोट वर राहत होता. कुरिअरवाला दारात उभा राहून जांभया देत होता. मोठं खोकं आणायचं तर बाजार गाठावा लागला असता, आणि करवत हाताशी होती. चार पायांमध्ये मिळून अर्धं बोट म्हणजे सरासरी काढली तर काहीच नाही, असा मी हिशेब केला. झाकण छान बसलं.

उत्तर आलं ते असं: "नमुना अप्रतिम. असा अनुभव आम्हाला कुठल्याच देशाच्या स्टुलावर आला नाही. सगळी स्टुलं हुबेहूब अशीच हवीत. एकही वेगळं निघालं तर माल स्वीकारणार नाही."

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी सासऱ्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी कंपनीने फोटो पाठवला. स्टूल फरशीवर उभं, एका पायाखाली फट, फटीत मोजपट्टी आणि तिच्याकडे दाखवणारा लाल बाण. खाली एकच ओळ होती: "ही फट तंतोतंत हवी."

हा फोटो मी सासऱ्यांना कसा दाखवणार? त्यांच्या हातच्या स्टुलाचा पाय जावयाने कापला, हे ऐकून त्यांनी माझं काय केलं असतं, हे तुम्हीच ठरवा. मी साधा मार्ग काढला. सुतार जेवायला गेले, की मी शेडमध्ये जायचो आणि तयार स्टुलांचा एकेक पाय कापून ठेवायचो.

"हे डुगडुगतंय," सासरे सकाळी म्हणाले. "हेही. सगळीच?"

"लाकूड ओलं असेल," मी म्हणालो.

"आणि एकच पाय आकसतो?"

"परदेशी ऑर्डरचा ताण असतो, मामा."

त्यांनी लाकूडवाल्याला बोलावून घेतलं. बिचारा धावत आला, स्टुलं हातात घेऊन बघितली, वास घेतला, मुलाबाळांच्या शपथा घेतल्या. "इतक्या वर्षांत तुम्हाला ओली फळी दिली नाही, दादा," असं म्हणत तो जवळजवळ रडायला आला. सासऱ्यांनी त्याला हाकलून दिलं आणि स्वतः कामाला बसले. आखूड पायाच्या मापाने उरलेले तीन पाय कापून त्यांनी सगळी स्टुलं पुन्हा समतल केली.

जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा एकेक पाय कापला.

हे किती वेळा झालं ते विचारू नका. सासरे समतल करायचे, मी बिघडवायचो. गुडघ्याएवढी स्टुलं पोटरीपर्यंत खाली आली. दोघंही मन लावून काम करत होतो, हे मात्र मान्य करायला हवं.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "बाबा दोन दिवस धड जेवले नाहीयेत. म्हणतात, माझा हात गेला. आता स्टूल सरळ बसत नाही माझ्याकडून. तू काही बोल ना त्यांच्याशी."

मला वाईट वाटलं. पण डोळ्यांसमोर एकीकडे केबिन आणि दुसरीकडे तोट्या दिसत होत्या. उद्या बोलतो, असं म्हणून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बाई आली. माल तपासायला, न कळवता. ईमेलपुरती भाषा मला जमत होती, पण तिचं बोलणं आम्हाला कळेना, आमचं तिला. तिच्या फोनवर एक दुभाषी होता, तो कुठल्या तिसऱ्याच देशात बसून दोन्ही बाजूंचं सगळं सारख्याच थंड आवाजात सांगायचा. बाईंनी मोजपट्टी काढली, एक स्टूल मोजलं आणि कपाळाला आठी घातली.

"त्या विचारतायत, ही एवढी बुटकी का?" दुभाषी म्हणाला. "आणि यांतली निम्मी डुगडुगत का नाहीत?"

"का नाहीत?" सासरे म्हणाले. "डुगडुगायला हवीत?"

बाईंनी तो फोटो दाखवला. सासऱ्यांनी लाल बाण पाहिला. मग मोजपट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोवर पायातल्या चपलांकडे बघत होतो.

"मामा, खोकं लहान होतं," मी म्हणालो.

"या माणसाने माझ्या स्टुलाचा पाय कापला," सासरे कमालीच्या शांतपणे म्हणाले. "माझ्या पोरीच्या नवऱ्याने. मी हात गेला म्हणून रात्र रात्र जागा, आणि हा माझ्यामागे करवत घेऊन फिरतोय. लाकूडवाल्याला मी दारातून हाकललं. नालायक, नतद्रष्ट माणूस."

दुभाष्याने हे सगळं, नतद्रष्टासकट, तिकडे पोचवलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"त्या म्हणतायत, म्हणजे ही कल्पना यांची?"

"माझी नाही, एवढं त्यांना नक्की सांगा," सासरे म्हणाले.

मग कळलं ते असं. तिकडे माणसं दिवसभर स्क्रीनसमोर बसून आखडतात. आमच्या स्टुलावर बसलं, की कंबर सारखी हलती ठेवावी लागते. त्यांच्या डॉक्टरांनाही ते पसंत पडलं होतं. बाईंनी पिशवीतून छापील खोकं काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'या भूमीतल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली डोलती बैठक.'

"कुठल्या पिढ्यांनी?" सासरे म्हणाले. "माझ्या बापाने असलं स्टूल केलं असतं तर आजोबांनी तेच त्याच्या डोक्यात घातलं असतं."

दुभाष्याने हेही सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. अशी घराण्याची परंपरा त्यांना ऐकायचीच होती.

बुटका माल नापास झाला. नवा करायला मुदत मिळाली, पण एका अटीवर: ज्या हाताने नमुन्याचा पाय कापला, त्याच हाताने प्रत्येक स्टुलाचा कापायचा. आजकाल तिकडच्या गिऱ्हाइकाला माल कुणी घडवला ते बघायचं असतं म्हणे. माझा फोटो काढला, करवतीसकट. आता तो चार देशांत खोक्यांवर आहे. करवत मी उलटी धरलीय, ते फक्त सुतारांच्या लक्षात येतं.

सासऱ्यांनी शब्द पाळला. कारभार कागदोपत्री माझ्या नावावर आहे. पण कारागिराला शेड सोडता येत नाही, अटच तशी आहे. म्हणून केबिनमध्ये सासरे बसतात. दुभाष्याशी त्यांची चांगली गट्टी जमलीय, लाकूडवाला रोज तिथे चहाला असतो, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय कापतो.

दुपारी सासरे पाण्याचा पेला घेऊन बाहेर येतात. एकेका स्टुलावर ठेवतात, बोटाने ढकलतात आणि पाणी सांडलं की पुढे सरकतात. काल एका स्टुलापाशी ते बराच वेळ थांबले.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे हलत नाहीये. असला माल आपल्याकडे चालत नाही."