श्वान निवड समितीपुढील ऐनवेळचा विषय

कुत्रा हवा असेल तर ओळखीच्यांच्या कुत्रीला पिल्लं होईपर्यंत थांबायचं आणि त्यातलं एक पिशवीत घालून आणायचं, एवढीच पद्धत दयानंदरावांच्या अकोल्याच्या घराला ठाऊक होती. पण २००९ साली ते माणमधल्या एका बारा मजली सोसायटीत राहत होते आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. तिथे पंखा बदलायचा तरी आधी प्रक्रिया लिहावी लागे. त्यामुळे कुत्रा आणण्यासाठी त्यांनी घरात रीतसर श्वान निवड समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य पत्नी सुलक्षणाबाई आणि सचिव चोवीस वर्षांची मुलगी जान्हवी.

प्रश्न तसा नाजूकच होता. केसाळ जनावर जवळ आलं की सुलक्षणाबाईंना शिंका सुटत. म्हणून केस न गाळणारं पूडल आणि गरीब स्वभावाचं लॅब्रेडॉर यांचा संकर घ्यावा, असं ठरलं. पण संकर कितव्या पिढीचा? तेव्हा जान्हवीने सुचवलं की माण रस्त्यावर दवाखाना चालवणारे जनावरांचे डॉक्टर सुनील यांना निमंत्रित तज्ज्ञ म्हणून बोलवावं. सुनील मुळशी धरणापलीकडच्या एका वाडीतला, नथू नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिष्यवृत्तीवर शिकून डॉक्टर झालेला. सूचना एकमताने मंजूर झाली.

सुनीलने कागदावर आकृती काढून सगळं उलगडून सांगितलं. लॅब्रेडॉर आणि पूडल यांची थेट पिल्लं ती पहिली पिढी. धट्टीकट्टी, पण केसांचा भरवसा नाही. तिचा पुन्हा पूडलशी संकर केला की पिल्लू बारा आणे पूडल होतं आणि केस जवळजवळ गळत नाहीत. पहिल्या पिढीतलीच दोन एकत्र आणली तर दुसरी पिढी. तिच्यात एक पिल्लू आजीवर जातं, तर दुसरं कुणावर गेलंय ते कळतच नाही.

दयानंदराव हरखून गेले. पाच रविवारी पाच बैठका झाल्या, गुणांचे तक्ते झाले, चहाचे चार पुडे संपले. शुद्ध रक्ताच्या कुत्र्यांचे सांधे धरतात आणि कान वाहतात हे कळल्यावर तर शुद्धता या कल्पनेचाच त्यांना तिटकारा आला. आपापसातच जोड्या लावत बसल्यामुळे चांगल्या चांगल्या घराण्यांचं वाटोळं झालं, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवू लागले. लोक मान डोलवत आणि आपल्या मजल्याची वाट पाहत.

पाचव्या बैठकीत बारा आणे पूडल असलेलं पिल्लू बंगलोरहून मागवायचा ठराव झाला. निवडीचे निकष तीन : निकोप प्रकृती, शांत स्वभाव आणि घरच्यांशी जमवून घेण्याची वृत्ती. ‘रक्ताची शुद्धता हा कालबाह्य विचार असून ही समिती त्याचा तीव्र निषेध करते,’ हे वाक्य अध्यक्षांनी आपल्या हाताने वाढवलं. त्यातला ‘तीव्र’ त्यांना फार आवडला होता. त्यांनी झोकदार सही केली.

मग जान्हवीने कार्यक्रमपत्रिकेतली शेवटची बाब वाचली. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

"एकच विषय आहे," ती म्हणाली. "मला आणि सुनीलला लग्न करायचंय."

सुलक्षणाबाईंनी बसल्या जागी अनुमोदन दिलं. पाच रविवार हा मुलगा माझ्यासमोर बसतोय, मला एक शिंक आलेली नाही, अशी त्यांनी नोंदही करून घेतली. सुनीलच्या दवाखान्याची पाटी दयानंदराव रोज जाता-येता बघत; तिच्यावरचं आडनाव त्यांनी आज पहिल्यांदा वाचलं, तेही डोळे मिटून.

त्यांनी विषय समितीच्या कक्षेबाहेरचा ठरवला. जान्हवीने ठरावाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. प्रकृती, स्वभाव, जमवून घेणं. तिन्ही निकषांवर सुनील बसत होता आणि खाली अध्यक्षांची सही होती.

"ते कुत्र्यासाठी होतं," दयानंदराव म्हणाले. "कुत्र्याला नातेवाईक नसतात, जान्हवी."

"म्हणजे पिल्लाला या घरात जेवढा न्याय मिळाला, तेवढाही मला मिळायचा नाही."

दयानंदरावांना ते लागलं, नाही असं नाही. पण मुलीचं दुःख एकीकडे आणि अकोल्याचे नऊ काका-मामा दुसरीकडे, असा तक्ता त्यांनी मनात मांडला आणि बेरीज काकांच्या बाजूने आली.

पुढच्या शनिवारी ते मुलाच्या बापाला खडसावायला वाडीवर गेले. नथू गोठ्यात धार काढत होता. दयानंदराव घसा खाकरून नकार द्यायच्या बेतात होते, तोच नथूने तो आधी दिला.

"सायेब, पोराला डाक्टर केला त्यो काय परक्यांत द्यायला? तुमची लेक लई गुणाची असंल. पर आमच्यातली न्हाई."

नकार द्यायची तयारी करून आलेल्या माणसाला तो घ्यावा लागला की कसनुसं होतं. आमच्या मुलीत कमी काय आहे, असं दयानंदरावांच्या अगदी ओठांवर आलं. पण मग ध्यानात आलं की समोरचा माणूस आपलंच म्हणणं आपल्यापेक्षा सोप्या शब्दांत मांडतोय. ते खाटेवर ऐसपैस बसले. चहा आला. दुधाची चव त्यांनी वाखाणली, तसा नथू खुलला आणि त्याने गाईच्या पाठीवर थाप मारली.

"संकरित हाय. बारा लिटर देतीया. आदीची गावठी व्हती, ती दोन लिटरांत आटपायची. रगात बदलाया पायजे, सायेब."

"संकराला तोड नाही," दयानंदराव म्हणाले.

दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या. इतके मनाजोगते व्याही शोधून सापडले नसते, पण ते होऊ नयेत म्हणूनच तर दोघं एकत्र आले होते.

इकडे जान्हवी आणि सुनीलने नोंदणी विवाहासाठी अर्ज केला. पुण्याच्या कार्यालयातल्या फलकावर नोटीस लागली. तीस दिवसांत कुणालाही हरकत घेता येत होती. दोघे बाप हरकत घ्यायला दयानंदरावांच्या गाडीतून गेले; येताना नथूने दुधाची बरणी आणली होती. कारकुनाने हरकतीचा छापील अर्ज पुढे ओढून त्यातली कारणं वाचून दाखवली : वय कमी असणं, आधीचा जोडीदार हयात असणं, वेडसरपणा किंवा जवळचं नातं.

"आमचं नात्याबद्दल आहे," दयानंदराव म्हणाले.

"किती जवळचं?"

"अजिबात नाही. तीच हरकत आहे."

कारकुनाने अर्ज पालथा करून पाहिला, पुन्हा सरळ केला. "तसा रकाना नाही," तो म्हणाला.

रकाना नसलेली गोष्ट अस्तित्वातच नसते, असं सांगून दयानंदरावांनीच बावीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले होते. नथूने बरणी उचलली आणि दोघं निमूटपणे जिना उतरले. एकतिसाव्या दिवशी लग्न लागलं. साक्षीदार म्हणून पहिली सही सुलक्षणाबाईंनी केली.

नोटीस मात्र अजून फलकावर आहे. बघायला माणसं येतच असतात, म्हणून कारकुनाने ती काढली नाही. तिच्यावर दोघांची पूर्ण नावं आहेत, आडनावांसकट. ही गोष्ट सांगताना ती आडनावं कुठेच लागली नाहीत, म्हणून इथे दिलेली नाहीत. ज्या वाचकांना ती मघापासून हवी आहेत, त्यांनी कार्यालयीन वेळेत जाऊन पाहावीत. रांग मोठी असते, पण अवघडल्यासारखं होणार नाही. सगळी आपलीच माणसं असतात.