फ्रीजवरचा नारळ

दिवसातून निदान दोनदा माझ्या दाराची बेल वाजते आणि दारात सदाभाऊ उभे असतात.

"बाई, जरा येता काय? मनाला भूक लागलीय."

मी गॅस बंद करते, पायांत चपला सरकवते आणि समोरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जाऊन फ्रीजपुढे उभी राहते. फ्रीजवर एक नारळ ठेवलेला असतो. सदाभाऊ डोक्यावर टोपी चढवतात, हात जोडतात, डोळे मिटतात आणि खालच्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात सुरू होतात.

"बा देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या, बारा वहिवाटींच्या म्हाराजा!"

"होय महाराजा," मी.

"आज ह्या घटकेला तुझ्या लेकराच्या मनात बटाटेवडा आलेला हाय, म्हाराजा!"

"होय महाराजा."

"तर तो जसा आला, तसा आल्या वाटेनं परत जाऊ दे, म्हाराजा!"

"होय महाराजा!"

याला गाऱ्हाणं म्हणतात. कोकणात गावदेवापुढे, शिमग्यात पालखीपुढे, गावातला मानकरी सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणून दुजोरा देतात. हे मला इथे आल्यावर कळलं. मी मूळची सांगलीची. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, रत्नागिरीत निवृत्त झाले, एकटी राहते. देवाधर्माशी माझं पहिल्यापासून जमत नाही. अशा बाईवर उतारवयात फ्रीजला हात जोडायची पाळी येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सदाभाऊ मांडवकर एसटीत ड्रायव्हर होते. मुंबई-गोवा महामार्ग त्यांना तोंडपाठ आहे, पण किलोमीटरमध्ये नव्हे. खेड म्हणजे मिसळ, सावर्डे म्हणजे कांदाभजी आणि हातखंबा म्हणजे वडे. एकदा मी विचारलं, "खेडहून सावर्ड्याला किती वेळ लागतो हो?" तर म्हणाले, "मिसळ जिरत येते बघा तवर." बाकीचं जगही त्यांना गाडीसारखंच दिसतं. माझे गुडघे म्हणजे 'सस्पेन्शन', खालच्या जोशीकाकांचा खोकला म्हणजे 'सायलेन्सर'. स्वतःच्या खाण्याबद्दल मात्र ते एवढंच म्हणायचे, "इंजिन बरा हाय बाई, ब्रेक गेलेत."

ब्रेक गेले ते निवृत्तीनंतर. त्याच सुमारास मुलाला मुलगा झाला आणि सुलभावहिनी नातवाला सांभाळायला मुंबईला गेल्या, सहा महिन्यांसाठी. त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. सून नोकरी करते, मुलाच्या जागेत आणखी एक खाट मावत नाही. तक्रार करावी असं कुणीच काही वाईट केलेलं नाही. सदाभाऊ इथे एकटे राहिले आणि खात सुटले. सकाळी कंटाळा आला म्हणून खायचं, दुपारी झोप येत नाही म्हणून खायचं, संध्याकाळी घरात कुणाचा आवाज नाही म्हणून कुरकुरीत काहीतरी आणायचं. वजन एकशे छत्तीसवर गेलं. आमच्या जिन्यात समोरून ते आले की मी मागे वळून पुन्हा खाली उतरत असे.

शेवटी साखर, गुडघे, धाप सगळ्यांनी मिळून त्यांना मुंबईच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. ऑपरेशन झालं. जठर कापून केळ्याएवढं ठेवलं. महिन्याभरानं ते परत आले तेव्हा पिशवीत एक छोटी चांदीची वाटी होती, नातवाच्या उष्टावणाची. वहिनींनी दिलेली. "ह्या वाटीत मावेल तेवढाच जेवायचा," असा हुकूम होता. एकेकाळी परातीत भात कालवणारा माणूस त्या वाटीत इवल्या चमच्यानं मऊ खिमट खाताना मी पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची चेष्टा सुचली नाही.

पोट लहान झालं, पण मन कापायचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं त्यांना आधीच बजावलं होतं, "काका, पोटाची भूक आणि मनाची भूक वेगळी ओळखा. मनाची असेल तर दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. नाहीतर थोडं थोडं करून पोट पुन्हा ताणलं जाईल आणि सगळं पाण्यात जाईल."

सदाभाऊंनी दुसरं काहीतरी करून पाहिलं. फिरायला गेले, तर पाय आपोआप वड्याच्या गाडीसमोर जाऊन थांबले. "स्टॉप हाय तो, गाडी थांबणारच." झाडांना पाणी घालायला घेतलं. त्यांच्याकडे झाडं नव्हती, म्हणून माझ्या कुंड्यांना घातलं. माझ्या दोन जास्वंदी आणि एक मोगरा त्या पंधरवड्यात कुजून गेले. शब्दकोडं सोडवायला बसले, तर आडवा पहिलाच शब्द निघाला 'एक गोड पदार्थ'. त्यांनी पेपर मिटून माझ्याकडे परत आणून दिला.

त्या मुलीनं दिलेल्या यादीत शेवटचा उपाय होता : मनातलं कुणाशी तरी बोला.

"आता मनातला बोलायचा म्हणजे कसा वं, बाई?" त्यांनी अगदी खरंखुरं कोडं पडल्यासारखं मला विचारलं. "मला आपला गाऱ्हाणा घालता येतो."

गावाकडे गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घराण्यात आहे. अख्ख्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा त्यांना सराव. माणसांशी बोलायचा नाही. सुलभावहिनींचा रोज संध्याकाळी फोन येतो. इंजिनाशेजारी बसून बसून सदाभाऊंचे कान गेलेत, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि तो सगळ्या मजल्याला ऐकू येतो.

"जेवलाव काय?"

"जेवलो."

"बरा. ठेवते."

एवढाच. चार वर्षांत यात एका शब्दाची भर पडलेली मी ऐकली नव्हती.

तर, गाऱ्हाणं सुरू झालं. आणि गाऱ्हाणं म्हटलं की नारळ आला. मनाला भूक लागली की सदाभाऊ एक नारळ ठेवायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि नारळ फोडायचे. दिवसाला तीन. फोडलेला नारळ म्हणजे प्रसाद, तो टाकता येत नाही. ते इमारतभर खोबरं वाटायचे. पंधरा दिवसांत आमच्याकडे खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याच्या वड्या, सोलकढी यांशिवाय कुणाच्या घरात काही शिजेना. माझं वजन दोन किलो वाढलं, जोशीकाकांचं तीन. आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून एकेक तुकडा सदाभाऊ स्वतःही तोंडात टाकत होते. तपासणीला गेले तेव्हा त्या मुलीनं त्यांचा हिशेब ऐकून कपाळावर हात मारला.

तोडगा वहिनींनी काढला, मुंबईहून, मुलाकरवी निरोप पाठवून. 'त्यांना सांग, नवस बोललेला नारळ लगेच फोडत नाहीत, काम झाल्यावर फोडतात. एकच ठेवा.' तोच हा फ्रीजवरचा नारळ. आठ महिने झाले, त्याला कुणी हात लावलेला नाही.

त्या गाऱ्हाण्यांत एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. वडा हा फक्त पहिला मिनिटभर असतो. तो आल्या वाटेनं परत गेला की सदाभाऊ इतरांकडे वळतात. जोशीकाकांचा सायलेन्सर बरा होऊ दे. तळमजल्यावरच्या मुलीला परीक्षा सोपी जाऊ दे. बाईंचे गुडघे चालू राहू देत. मुंबईत सगळी बरी असू देत. स्वतःसाठी त्या बटाटेवड्यापलीकडे काही नसतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या छातीत गाठ लागली. तपासणीला तुकडा पाठवला, रिपोर्ट यायला तीन दिवस होते. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सदाभाऊंनी माझ्या दारातलं सकाळचं दूध दहापर्यंत तसंच पडलेलं पाहिलं आणि बेल वाजवली, तेव्हा सांगावंच लागलं. त्या तीन दिवसांत त्यांची मनाची भूक कुठे गेली होती कोण जाणे. सकाळ-संध्याकाळ ते मलाच बोलवायला यायचे. "बाई, चला. आज तुमची फेरी." तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ही पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवणारी बाई हाय, म्हाराजा, हिच्यातला काय वजा करू नको!" आणि मी, देव न मानणारी, इतक्या मोठ्यानं 'होय महाराजा' म्हणाले की खाली जोशीकाका खोकायचे थांबले.

गाठ साधी निघाली. ते देवानं केलं असं मी म्हणणार नाही. पण ते तीन दिवस मी जेवले, झोपले, माणसासारखी राहिले, ते सदाभाऊंमुळे. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

यंदा शिमग्याच्या दहा-बारा दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी बेल वाजली नाही. गाऱ्हाणं नाही, काही नाही. सहा वाजून गेले तशी मी उठून समोर गेले. दार उघडंच होतं. सदाभाऊ स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. पुढ्यात स्टीलचा डबा, झाकण काढलेलं. आत आंबापोळी. वहिनींनी इथून जाण्याआधीच्या मे महिन्यात स्वतःच्या हातानं घातलेली. चार वर्षं त्यांनी ती फ्रीजमध्ये मागच्या बाजूला जपून ठेवली होती.

"पोराचा फोन आलेला," ते म्हणाले. "सूनबाईला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. ही शिमग्याला येणार होती, आता नाय जमत."

दोन तुकडे खाऊन झाले होते. तिसरा हातात होता. त्या पोटाला तेवढंसुद्धा फार, कपाळावर घाम जमला होता.

"खाल्ला तर संपेल, बाई. नि ठेवला तर काय?"

मी फ्रीजवर नारळ आहे की नाही ते पाहिलं. खुंटीवरची त्यांची टोपी घेतली आणि, दुसरं काय करणार, स्वतःच्या डोक्यावर चढवली.

"देवा महाराजा," मी सुरुवात केली. बारा वाड्या मला पाठ नाहीत. "मी कोण ते तुला माहीत नाही, कारण आपली ओळख नाही. पण हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे. यानं आजवर सगळ्यांसाठी मागितलं. स्वतःसाठी मागायला त्याला येत नाही, म्हणून मी मागते. याला घर खायला उठतं आहे. याला आपल्या बायकोची फार आठवण येते. ते तिला कळू दे, महाराजा."

आता त्यांनी म्हणायचं होतं. त्यांनी तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि नेहमीच्या आवाजाचा अंशही नसलेल्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साडेसहाचा नेहमीचा. मी निघू लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि बटण दाबलं.

"जेवलाव काय?"

सदाभाऊंनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, स्वतः घातली आणि फोनपुढे हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "ही रोज विचारते जेवलाव काय. जेवलेला असतो, म्हाराजा. तरी भूक जात नाय. ही असली की जायची."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. नातू काहीतरी मागत होता. दुजोरा द्यायची मला इतकी सवय झालेली की शब्द ओठांवर आला होता, पण मी तोंड घट्ट मिटून घेतलं. तो माझा नव्हता.

फोनमधून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आणि मग, नाक ओढून, "मे महिन्यात पंधरा दिवस येते. पोरांचा पोरं बघतील. ताजी आंबापोळी घालू. तवर त्या नारळाला हात लावू नका, कळला?"

सदाभाऊंनी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे त्यांना सुचलं नाही. तेव्हा मीच टेबलाशी वाकले आणि म्हणाले, "होय महाराजा."