एका निर्दोष पत्राचा गौरव

माणसाचं चारित्र्य त्याच्या वागण्यावरून कळायला वर्षं लागतात. त्याच्या इंग्रजीवरून ते अर्ध्या मिनिटात कळतं. वेळेची ही बचत लक्षात घेऊनच पाणीपुरवठा कार्यालयाने तिसऱ्या मजल्यावर भाषाशुद्धी कक्ष उघडला आणि मुख्य तपासनीसांना त्याच्या प्रमुखपदी बसवलं.

कक्षाची कामगिरी आकड्यांतच सांगायला हवी. पहिल्या वर्षी नळाला पाणी नसल्याच्या चारशे बारा तक्रारी आल्या. त्यांतल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी इंग्रजीच्या चुकांवर लाल खुणा करून परत पाठवण्यात आल्या. दुसऱ्या वर्षी तक्रारी एकोणीसवर आल्या. पाणीपुरवठा सुधारल्याचा याहून ठोस पुरावा शोधून सापडणार नाही. (पहिल्या वर्षीच्या उरलेल्या चोवीस तक्रारी निर्दोष होत्या. त्या नीट फाइलला लावल्या.) उच्चारांकडेही तितकंच लक्ष होतं. बुधवारच्या इंग्रजी नावात एक अक्षर गप्प बसतं आणि ते नेमकं कोणतं यावर एकमत होईना, म्हणून बुधवारी बैठका ठेवणं बंद झालं. बैठकांचा आठवडा त्यामुळे एका दिवसाने आखूड झाला, पण शुद्ध झाला.

तपासनीस मनाने वाईट नव्हते. ते कुणाला टाकून बोलत नसत. फक्त मध्येच थांबवून दुरुस्त करत. कोणताही मजकूर ते शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचत, कारण सरळ वाचलं की अर्थ आडवा येतो आणि अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना अर्थाचा त्रास असा कधी झाला नव्हता.

हीच शिस्त घरी. सतरा वर्षांपूर्वी, लग्नाला आठवडा होतो न होतो तोच त्यांनी बायकोला प्रेमाने सुचवलं, "आपण घरात इंग्रजीच बोलत जाऊ. तुलाच सवय होईल." बाई मुळात बोलक्या. माहेरी त्या एखादी गोष्ट सांगायला बसल्या की सगळ्यांचे चहा निवायचे. पहिल्या वर्षी त्या चुकत बोलल्या. दुसऱ्या वर्षी जपून बोलल्या. पाचव्या वर्षापासून बोलणं सोडून फक्त लिहू लागल्या. चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावायची; संध्याकाळी तपासनीस ती तपासून, दहापैकी गुण देऊन परत तिथेच लावायचे. दूध संपल्याच्या चिठ्ठीला सहा. अंगात ताप असल्याच्या चिठ्ठीला साडेचार (ताप बरोबर होता, काळ चुकला होता).

एका सोमवारी संध्याकाळी फ्रिजच्या दारावर चिठ्ठीऐवजी चांगलं पानभर पत्र होतं. तपासनीसांनी ते उभ्या उभ्या खालून वर तपासलं. मग बसून तपासलं. मग चष्मा पुसून तपासलं. एकही चूक नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला हाक मारली, पण ती घरात नव्हती. धाकट्या बहिणीकडे गेली असणार, आणि तसं पत्रात लिहिलंच असणार. ते सवडीने बघता येईल असं ठरवून ते जेवायला बसले.

(पत्रात काय होतं हे गुण देताना विचारात घ्यायचं नसतं, पण दप्तरी नोंद असावी म्हणून त्याचा मथितार्थ मराठीत देत आहोत: 'मी बहिणीकडे जाते आहे. या घरात मनातलं शेवटचं कधी बोलले ते मला आठवत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतः येऊन, चुकतमाकत का होईना, घरी चल म्हणालात तर मी लगेच निघेन. नाही आलात तर मी पुन्हा येणार नाही.' हे पत्र बाईंनी अकरा वेळा लिहून काढलं होतं. निदान हे तरी पूर्ण वाचलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.)

मंगळवारी पत्र कार्यालयात आलं, प्लास्टिकमध्ये बंद झालं आणि सूचनाफलकावर 'आदर्श पत्र क्रमांक एक' म्हणून झळकलं. संचालक स्वतः जिना उतरून बघायला आले.

"हे गृहिणीने लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"सतरा वर्षांची मेहनत आहे, सर."

"कुणाची?"

"माझी," तपासनीस लाजून म्हणाले.

बुधवारी परिपत्रक निघालं: प्रत्येक कर्मचाऱ्याने आदर्श पत्र रोज दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढावं. बत्तीस जणांनी ते उतरवलं. कुणालाही काही खटकलं नाही, कारण खटकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. (दोन प्रती घरी धुण्याच्या कपड्यांत बायकांच्या हाती लागल्याने संबंधितांना तातडीची रजा घ्यावी लागली. रजेच्या अर्जांत प्रत्येकी तीन चुका निघाल्या.)

फलक पुसायचं काम सफाईवाल्या मावशींचं. पन्नाशी उलटल्यावर त्या नातीच्या पुस्तकातून इंग्रजी शिकत होत्या. शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडत वाचायच्या. इतकं कच्चं इंग्रजी असलेल्या माणसाला अर्थाशिवाय दुसरा आधार नसतो. अडलेले शब्द त्या घरी नातीला विचारून येत. मंगळवारी वाचायला घेतलेलं पत्र त्यांचं गुरुवारी दुपारी वाचून झालं, आणि त्या फडकं हातात धरून तशाच कक्षात शिरल्या.

"साहेब, बाई गेल्यात हो तुमच्या!"

"बहिणीकडे असेल."

"तिकडेच आहेत. पण उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही आणायला गेला नाहीत तर परत येणार नाहीत म्हणतायत. बाहेर लावलंय की तुम्हीच!" आणि त्यांनी पत्रातलं शेवटचं वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं.

तपासनीसांनी आधी मावशींचे दोन उच्चार दुरुस्त केले. मग फलकापाशी जाऊन त्यांनी पत्र पहिल्यांदाच वरून खाली वाचलं. ते मावशींच्या स्टुलावर मटकन बसले. त्यांचं बायकोवर प्रेम होतं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

"आता काय करू, मावशी?"

"करायचंय काय? जा आणि चल घरी म्हणा."

"ते इंग्रजीत कसं म्हणायचं हाच तर प्रश्न आहे. नुसतं चल म्हटलं तर हुकूम वाटतो. येशील का म्हटलं तर नाही म्हणायला वाव राहतो."

"अहो, मग आपल्या बोलीत म्हणा!"

"पत्र इंग्रजीत आलंय. उत्तर त्याच भाषेत द्यावं लागतं. परिपत्रक आहे तसं."

परिपत्रकावर सही त्यांचीच होती. त्यांनी कागद ओढला. मेहुणीचं घर कार्यालयापासून चालत बारा मिनिटांवर होतं, म्हणजे वेळ भरपूर होता. पहिल्या मसुद्यात तीन शब्द होते आणि ते पुरेसे होते, पण त्यांत क्रियापद उघडं पडल्यासारखं वाटत होतं. चौथ्या मसुद्यात क्षमा मागितली होती. ती कोणत्या काळात मागावी यात शुक्रवारची सकाळ गेली. सातवा मसुदा डोळ्यांतलं पाणी पडून खराब झाला आणि नियमाप्रमाणे बाद झाला. संध्याकाळी मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, सहा वाजले. चला, मी येते सोबत."

"आलोच. एक स्वल्पविराम राहिलाय."

शनिवारी दुपारी सव्वाबाराला चौदावा मसुदा निर्दोष ठरला. तपासनीस तो पाकिटात घालून अक्षरशः धावत गेले. दार मेहुणीने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई सकाळच्या गाडीने गेली, भाऊजी. काल रात्री नऊपर्यंत खिडकीत बसून होती. जिन्यात पाय वाजले की उठायची."

"कुठे गेली?"

"सांगू नको म्हणालीये."

तपासनीसांनी पाकीट पुढे केलं. मेहुणीने ते उघडून वाचलं, आणि तिचा राग थोडा निवळला. "फोनवर वाचून दाखवू का तिला?" तिने हळूच विचारलं.

"उच्चार कसे आहेत तुझे?" तपासनीस म्हणाले.

मेहुणीने पाकीट त्यांच्या हातात परत दिलं आणि दार लावून घेतलं.

दोन्ही पत्रं आता फलकावर शेजारी शेजारी आहेत. पती-पत्नीमधला इतका शुद्ध पत्रव्यवहार अन्यत्र उपलब्ध नसल्याने तो पाहायला इतर कार्यालयांतूनही लोक येतात. तपासनीस त्यांना तो खालून वर समजावून सांगतात. वरच्या ओळीपाशी आले की त्यांचा आवाज जातो, मग पुढचं मावशी सांगतात.

सर्वसामान्य वाचकाला या प्रकरणी हळहळ वाटणं स्वाभाविक आहे. त्यासाठी कक्षाने सोय केली आहे: बाईंना दोन शब्द कळवायचे असतील तर ते इंग्रजीत, एका ओळीत लिहून द्यावेत, मेहुणीमार्फत ते पोचवले जातील. आजवर एकही ओळ आलेली नाही. तुम्हीही आत्ता मनातल्या मनात ओळ जुळवायला घेतलीत, दुसऱ्या-तिसऱ्या शब्दापाशी अडलात, आणि उगाच कुणी हसायला नको म्हणून गप्प बसलात. बरोबर केलंत. बाईही इतकी वर्षं तेच करत होत्या.