प्लग काढल्यावर

आमचा मल्टिकुकर माझ्या रागाने तापतो, हे सर्व्हिस सेंटरच्या मुलाणींनी लेखी दिलं आहे.

त्याआधी त्यांनी सगळं रीतसर तपासलं. आतलं भांडं काढून तळाची प्लेट पुसली, तिला चिकटलेली शितं खरवडली, वाफेचं भोक साफ केलं, कुकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. तरी भात करपला. मग त्यांनी प्लगच काढला. कुकर आणखी तापला. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, असं कधीपासून होतंय?

मंगळवारपासून, मी म्हटलं. सव्वीस वर्षं शिकवल्यावर संस्थेने मला मुख्याध्यापिका केलं, आणि मंगळवारी माझ्या नवऱ्याने माझ्या नावाने नकाराचं पत्र नेऊन दिलं. खाली माझी सही ठोकली. घरपट्टीच्या कागदांवर नेहमी तेच करतात, हात बसलेला आहे. कारण काय, तर निवृत्त माणसाला दुपारी गरम जेवण लागतं. एवढं सांगेपर्यंत झाकण खडखडू लागलं. मुलाणींनी तापमान टिपून घेतलं.

त्यांनी दोन उपाय लिहून दिले. शुक्रवारच्या आत ह्यांनी पत्र मागे घ्यावं, नाहीतर कुकर आहे तसा वापरावा.

"विजेशिवाय भात होतोय ना? मग असू दे की," हे म्हणाले आणि ताट घेऊन बसले.

वर मला सांगितलं, उद्या वरणाचंही बघ. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी कुकरात डाळ घालताच वरण तिथल्या तिथे शिजलं, आणि त्या माणसाने ते ओरपलंसुद्धा.

शुक्रवारी मी कुकर टॉवेलात गुंडाळून संस्थेत गेले. सचिव घोरपड्यांनी आधी पत्राचा आवक क्रमांक विचारला, मग पत्र काढून म्हणाले, सही तर तुमचीच दिसते. मी कुकर त्यांच्या टेबलावर ठेवला. काचेला तडा गेला. शिपायाने खाली वर्तमानपत्राची घडी सरकवली, ती काळी पडली. घोरपड्यांनी मुलाणींचा कागद दोनदा वाचला, माझ्याकडून समोर सही करून घेतली, दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि पत्रावर 'रद्द' असा शेरा मारला. सोमवारी रुजू व्हा म्हणाले.

कुकर मात्र गार होईना. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि चटकन मागे घेतलं.

"बाई, पत्र रद्द झालं. आता काय राहिलं?"

"हे घरी गरम जेवणाची वाट बघत बसलेत," मी म्हटलं आणि कुकर उचलला.